जुन्या फोटोतली ही लष्करी गाडी कोणती? (आजोबांचा 'रणगाडा')

अनुजा_प

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. आत्याकडचा जुना अल्बम सध्या माझ्याकडे आलाय, त्यातला एक फोटो स्कॅन करून खाली टाकलाय. आजोबा (आत्या त्यांना अण्णा म्हणते) दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते आणि घरात लहानपणापासून एकच ऐकत आलेय की अण्णा रणगाडा चालवायचे, आणि पुरावा म्हणून हाच फोटो दाखवला जायचा. पण आता नीट बघितलं तर ह्या रणगाड्याला चक्क चाकं आहेत! वर ती फिरणारी तोफ पण नाही.

फोटो अगदी छोटा आहे, काडेपेटीहून थोडा मोठा, कडेला पांढरी बॉर्डर. आजोबा गाडीच्या पुढे उभे आहेत, हाफ पँट, डोक्यावर काही नाही, हातात रायफल, मनगटावर घड्याळ. त्यांच्यामुळे गाडीचं पुढचं तोंड अर्धं झाकलंय. बाजूनं सपाट पत्रे, तिरके, छप्पर नाही, आत एक जण स्टेअरिंगवर बसलाय तो डाव्या बाजूला. वरून एक लांब बारीक नळी बाहेर आलीय, ती एरियल आहे की बंदूक कळत नाही. मडगार्डवर एक काळा चौकोन आणि त्याच्या शेजारी काहीतरी वेलबुट्टीसारखं लिहिलंय, मला ते उर्दू अक्षर वाटतं. मागे लांबवर सपाट जमीन आणि खजुरासारखी दोन झाडं. पाठीमागे निळ्या शाईत 'अण्णा, इटली, १९४२'.

गाडी कोणती, आणि अण्णा खरंच काय चालवायचे?

चाकोरीबाहेर

ही तर जीप आहे, पत्रे ठोकून घेतलेली. आमच्याकडे पण असाच एक फोटो आहे.

खटारा_प्रेमी

जीप नाही हो, जीपचं चाक माणसाच्या गुडघ्याच्या आसपास येतं, इथे टायर जवळजवळ मांडीपर्यंत आलाय. फोटोत माणूस उभा असेल तर तीच आपली मोजपट्टी, आधी ती लावायची मग नावं घ्यायची.

माझा अंदाज: अमेरिकन व्हाइट कंपनीची एम३ए१ स्काउट कार. चार चाकं, वरून उघडी, बाजूला सपाट चिलखती पत्रे, आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हर डावीकडे. ब्रिटिश आणि त्यांच्या वसाहतींच्या गाड्या उजव्या स्टेअरिंगच्या असायच्या, त्यामुळे डावं स्टेअरिंग दिसलं की अर्धं काम झालं. ह्या गाड्या २०,९१८ बनल्या आणि लेंड-लीजमधून (दोस्त देशांना युद्धसामान पुरवायची अमेरिकेची योजना) ब्रिटनला, रशियाला भरपूर गेल्या, त्यामुळे भारतीय पलटणींच्या आसपास असणं अशक्य नाही. अनुजाताई, पुढच्या बंपरवर आडवा रोलर दिसतो का बघा, पिठाच्या लाटण्यासारखा. खड्ड्यात नाक अडकू नये म्हणून बसवलेला असायचा, तो दिसला तर विषय संपला.

अनुजा_प

बंपर आजोबांच्या पायांमागे आहे, जेवढा दिसतोय त्यात रोलर नाहीये. पण तुम्ही म्हणता ते पटतंय, स्टेअरिंग नक्की डावीकडे आहे.

निवृत्त_हवालदार

मी ईएमईमध्ये (लष्कराचा गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारा विभाग) होतो, गाड्यांच्या पोटात आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द. व्हाइट स्काउट कार असेल तर बॉनेट कुठाय? त्या गाडीला पुढे चांगलं लांब बॉनेट, रेडिएटरपुढे चिलखती झडपा, दोन्ही मडगार्डवर हेडलाइट. एक माणूस उभा राहून एवढं सगळं झाकू शकत नाही, अण्णा कितीही धिप्पाड असले तरी. फोटोत आजोबांच्या खांद्याशेजारी जो तिरका पत्रा वर गेलाय तो सरळ ड्रायव्हरच्या समोरच येऊन थांबतोय. म्हणजे पुढे इंजिनच नाही. इंजिन मागे आहे.

इंजिन मागे, चार चाकं, वर टरेट (तोफेचा फिरता घुमट) नाही, अशा गाड्या त्या काळात फार नव्हत्या. डिंगो म्हणून डेमलरची छोटी स्काउट कार होती, ६,६२६ बनल्या, पण ती फारच बुटकी, उभ्या माणसाच्या छातीपर्यंतच येते. ही उंच आहे. हंबर आणि डेमलरच्या मोठ्या आर्मर्ड कारचं इंजिनही मागेच असतं, पण त्यांना टरेट असतं. राहता राहिली एक, पण तिचं स्टेअरिंग उजवीकडे. म्हणून अडलोय.

खटारा_प्रेमी

काका, बॉनेटचा मुद्दा मान्य, घाईत लिहिलं. पण स्टेअरिंगचं काय करायचं मग?

काच_आणि_रीळ

मी गाड्यांमधला अडाणी आहे पण फोटोतलं थोडं कळतं म्हणून तोंड घालतो. अनुजाताई, तुमचे आजोबा डावखुरे होते का? कारण घड्याळ उजव्या मनगटावर दिसतंय. बरं ते सोडा, शर्टाची बटणपट्टी बघा. पुरुषांच्या शर्टात डावी बाजू उजवीवर येते, इथे उलटं आहे. आणि रायफल ली-एनफिल्ड असेल (भारतीय जवानाच्या हातात दुसरी कुठली असणार) तर तिच्या बोल्टचा दांडा उजवीकडे असतो, तुमच्या फोटोत तो डावीकडे आलाय.

फोटो उलटा छापलाय!

हा आकार बॉक्स कॅमेऱ्याच्या कॉन्टॅक्ट प्रिंटचा. निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो, मोठा करायची भानगड नाही, निगेटिव्ह कागदावर ठेवायची, वर काच दाबायची, उजेड दाखवायचा, झालं. निगेटिव्हची चकचकीत बाजू आणि मळकी बाजू ह्यात गल्लत झाली की अख्खं चित्र आरशातलं येतं. रात्री तंबूत चादर लावून फोटो धुणारे लोक होते, त्यांच्याकडून असं व्हायचं, आणि खेड्यातल्या स्टुडिओतही व्हायचं. मोबाईलमध्ये फ्लिपचं बटण दाबून परत टाका. ते 'उर्दू' पण तेव्हाच कळेल.

अनुजा_प

बापरे. फ्लिप केला. ते उर्दू नाहीये, इंग्रजी सत्तावीस आहे!! आणि ड्रायव्हर उजवीकडे गेला. नवीन स्कॅन खाली टाकलाय. इतकी वर्षं आम्ही आरशातले आजोबा बघत होतो.

निवृत्त_हवालदार

आता बोलतो. उजवं स्टेअरिंग, इंजिन मागे, नाक तिरकं, टरेट नाही, टायर मोठे. ताई, ही आपल्याच देशात बनलेली गाडी आहे. कागदोपत्री नाव 'आर्मर्ड कॅरिअर, व्हील्ड, इंडियन पॅटर्न', फौजेत म्हणायचे 'टाटानगर'. चासी कॅनडाहून फोर्डची यायची आणि तिच्यावर चिलखती डबा इथे चढायचा, पोलाद जमशेदपूरचं, म्हणून हे नाव पडलं. १९४० पासून १९४४ पर्यंत साडेचार हजारांच्या वर बनल्या. आपल्याकडे लोकांना वाटतं महायुद्धात सगळं विलायतेहून आलं, ते तसं नव्हतं.

खात्री करायची असेल तर नवीन स्कॅनमध्ये चाक मोठं करून बघा. चाकाच्या मधल्या नटांच्या बाहेर, रिमच्या कडेनं नटांचं अजून एक कडं दिसायला पाहिजे. कॅनडाच्या लष्करी गाड्यांची रिम दोन तुकड्यांची, मध्ये टायर धरून बोल्टनं आवळलेली. हे बाहेरचे नट लाल रंगवायची पद्धत होती, कारण टायरमध्ये हवा असताना कुणी चुकून हे सोडले तर रिम तोफगोळ्यासारखी उडते. आमच्या वेळी जुने उस्ताद नवीन पोराला चाकाला हात लावायच्या आधी हेच पहिलं शिकवायचे.

आणि ती लांब नळी एरियल नाही. एरियल वर जाताना निमुळती होत जाते, हिच्या टोकाला गोल बोंडासारखं काहीतरी आहे. ती बॉइज रणगाडाविरोधी रायफल. पाच फुटांच्या वर लांब, सोळा किलो वजन, आणि खांद्याला असा दणका द्यायची की जवान तिला शिव्या घालायचे. ह्या कॅरिअरवर बॉइज आणि ब्रेनगन (हलकी मशीनगन) हीच हत्यारं.

अनुजा_प

चाकावर नटांची दोन कडी आहेत! एक आतलं, एक बाहेरचं. काका, तुम्ही ग्रेट आहात.

म्हणजे हा रणगाडा नाही, बरोबर?

खटारा_प्रेमी

नाही, चिलखती गाडी. रणगाड्याला साखळीपट्टे आणि टरेटमध्ये तोफ. कॅरिअर म्हणजे पातळ चिलखताची, पुढे जाऊन टेहळणी करायची, रस्ता बघून यायचा, गोळ्या चुकवायच्या. मशीनगनच्या गोळीला पत्रा कसाबसा पुरतो, तोफेपुढे काही नाही. पण घरी सांगताना प्रत्येक चिलखती गाडी रणगाडाच होते, आमच्याकडे तर ट्रॅक्टरवर बसलेल्या काकांचाही रणगाडा झाला होता.

आता प्रश्न 'इटली १९४२'चा. हे शक्यच नाही. दोस्त फौजा इटलीच्या मुख्य भूमीवर उतरल्या सप्टेंबर १९४३ मध्ये. १९४२ मध्ये तिथे भारतीय जवान असेल तर तो युद्धकैदी, आणि युद्धकैद्याला हातात रायफल देऊन कोण फोटो काढणार?

अनुजा_प

मग वर्ष चुकलं असेल का? १९४४ असेल?

काच_आणि_रीळ

निळी शाई म्हणालात, ती टाकाची की बॉलपेनची? टाकाची शाई कागदात थोडी फुटते, कमी-जास्त होते. बॉलपेनची रेघ एकसारखी आणि कागदाच्या मागे दाबाची वळ उठते, बोट फिरवून बघा. बॉलपेन दुकानात मिळायला लागले तेच मुळी युद्ध संपता संपता, आपल्याकडे पोचायला अजून वेळ. बॉलपेन असेल तर ते अण्णांनी तिथे बसून लिहिलेलं नाही, नंतर घरी कुणीतरी आठवून लिहिलंय.

अनुजा_प

बॉलपेन आहे. आत्याला फोन केला, ती म्हणाली अगं मीच लिहिलं, अल्बम लावताना, आई म्हणाली इटली म्हणून. वर्ष कुठून आलं विचारलं तर म्हणे ते अण्णाच कधीतरी बोलले होते.

खटारा_प्रेमी

मग वर्ष खरं आणि गाव खोटं असं असू शकतं. झाडं बघा ना. खजूर, सपाट माळ, हाफ पँट. १९४२ मध्ये भारतीय डिव्हिजन इराक-इराणात होत्या, तेलाच्या विहिरी आणि रशियाला जाणारा रसदीचा रस्ता राखायला. ८वी आणि १०वी, दोन्ही इंडियन डिव्हिजन आधी इराकात आणि मग पुढे इटलीत गेल्या. म्हणजे आजी इटली म्हणाल्या तेही खोटं नसणार, फक्त ह्या फोटोचं नाही.

तो मडगार्डवरचा काळा चौकोन मोठा करून टाका ना. ते डिव्हिजनचं चिन्ह असणार, ते कळलं तर सगळंच कळेल.

अनुजा_प

टाकला. पण त्यात काहीच नाही, नुसता काळा.

काच_आणि_रीळ

नुसता काळा असेलच असं नाही. त्या काळचे हौशी लोकांचे रोल बहुतेक ऑर्थोक्रोमॅटिक, त्यांना लाल रंग दिसतच नाही, लाल म्हणजे काळाच. कोडॅकचा व्हेरिक्रोम तर १९५६ पर्यंत असाच विकला जात होता, म्हणून जुन्या फोटोंमध्ये बायकांचे ओठ आणि कुंकू इतकं काळंकुट्ट दिसतं. काळ्यावर लाल काही रंगवलेलं असेल तर ते फोटोत बुडालं समजा.

खटारा_प्रेमी

अरेरे, मग पंचाईत आहे. ५व्या इंडियन डिव्हिजनचं चिन्ह काळ्यावर लाल गोळा, 'बॉल ऑफ फायर'. ४थ्या डिव्हिजनचा गडद चौकोनावर लाल गरुड. तुमच्या रोलमध्ये दोन्ही सारखेच, काळा चौकोन. ५वी डिव्हिजन पण १९४२च्या शेवटी इराकात होती, ४थी त्या सुमाराला उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन सेनापती रोमेलशी झुंजत होती. एवढ्यावरून मी पैज लावणार नाही.

पण हे फोटोतून काढायचं कशाला? अण्णांची पदकं आहेत का घरात? १० जून १९४० ते १२ मे १९४३ ह्या काळात उत्तर आफ्रिकेत असतील तर आफ्रिका स्टार. ११ जून १९४३ नंतर इटलीत असतील तर इटली स्टार, त्याची फीत इटलीच्या झेंड्याच्या रंगांची, लाल-पांढरी-हिरवी. इराकसाठी वेगळा स्टार नव्हता. आणि पदकं उलटी करून मागे बघा, भारतीय सैनिकांच्या पदकांवर बऱ्याचदा नंबर, नाव आणि तुकडी कोरलेली असते. गोऱ्यांच्या स्टारवर तेही नसतं.

निवृत्त_हवालदार

हेच म्हणणार होतो. अजून एक गोष्ट, ताई, वाईट वाटून घेऊ नका. गाडीपुढे उभा राहिलेला जवान ती गाडी चालवतोच असं नाही. आमच्याही वेळी कॅमेरा आला की सगळे तोफेपाशी किंवा टी-५५ रणगाड्यापाशी धावायचे, स्वयंपाकी सुद्धा. घरी पाठवायचा फोटो भांडी घासतानाचा कोण काढतो? ह्या फोटोत तर स्टेअरिंगवर दुसराच बसलाय. गाडीचा खरा ड्रायव्हर तो.

चाकोरीबाहेर

मी जीप म्हणालो ते डिलीट करता येतं का 😅 वाचनखूण साठवली.

अनुजा_प

दोन दिवस लागले, आत्याकडे जाऊन आले. डब्यात चार पदकं निघाली. दोन स्टार. एक १९३९-४५, दुसऱ्यावर इटली असंच लिहिलंय, फीत पार विटलीय पण हिरवा अजून कळतो. आफ्रिका स्टार नाही. मागे भिंगातून बघितलं, नंबर, मग आजोबांचं नाव, आणि शेवटी आर आय ए एस सी अशी अक्षरं. ही कुठली पलटण?

निवृत्त_हवालदार

पलटण नाही, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोर. आजची एएससी (आर्मी सर्व्हिस कोर). रसद, पेट्रोल, दारूगोळा, पाणी, सगळं वाहून न्यायचं काम, लॉरीनं आणि जिथे लॉरी जात नाही तिथे खेचरांवर. ड्रायव्हर होते हे तुमच्या घरातलं सांगणं बरोबर असणार, फक्त गाडी लॉरी असणार. आफ्रिका स्टार नाही म्हणजे १९४२ ला वाळवंटातले नव्हेत, खजूर इराकचा धरायला हरकत नाही, आणि नंतर इटली. तुमच्या आत्यांनी दोन खऱ्या गोष्टी एका ओळीत लिहिल्या, एवढंच झालं.

आणि लॉरी ऐकून नाक मुरडू नका. इटलीतले ते डोंगरातले रस्ते, पाऊस, चिखल, रात्री दिवे न लावता चालवायचं, पुढच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर रंगवलेला पांढरा ठिपका बघत. कॅरिअरवाल्याला निदान पत्रा होता. लॉरीवाल्याला पुढे काच आणि मागे दारूगोळा.

अनुजा_प

आत्या आधी जरा खट्टू झाली, म्हणाली म्हणजे रणगाडा नाहीच का, सत्तर वर्षं आम्ही सगळ्यांना सांगतोय. मग मी मोबाईलवर सरळ केलेला फोटो तिच्यापुढे धरला. ती कितीतरी वेळ बघत बसली. म्हणाली ह्या फोटोतले अण्णा मला नेहमी परके वाटायचे, कधी कळलं नाही का, भांग दुसऱ्या बाजूला होता ना गं. मग तिनं फोटोच्या मागे 'इटली' खोडलं नाही, खाली पेन्सिलीनं 'इराक असावं' लिहिलं.

अजून एक आहे, त्याच पाकिटात होता. ह्यात आजोबा स्वतः स्टेअरिंगवर आहेत, लॉरी आहे, तोंड एकदम बसकं, डुकरासारखं चपटं नाक, आणि समोरची काच विचित्र आहे, वरची कड पुढे झुकलेली आणि खालची आत गेलेली, आपल्या गाड्यांच्या बरोबर उलट. हा पण उलटा छापलाय का? बोल्ट बघायला रायफलच नाहीये.

खटारा_प्रेमी

काच उलटी दिसते ती छपाईची चूक नाही, ती तशीच होती. सीएमपी म्हणतात, कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोलेनं बनवलेल्या लष्करी लॉऱ्या, चार लाखांच्या वर बनल्या. तुमची १३ नंबरची कॅब. काच अशी पुढे झुकवली की ऊन खाली जमिनीकडे परावर्तित होतं, वरून विमानाला चमक दिसत नाही. टाटानगर कॅरिअरखाली जी चासी होती ती ह्याच खानदानातली.

स्टेअरिंग कुठल्या बाजूला आहे तेवढं बघा, उजवीकडे असेल तर हा फोटो सरळ आहे.

अनुजा_प

उजवीकडे आहे. आणि भांग डावीकडे. 🙂